ओठावरचा कापूस

“आणि कापूस हललाच न्हाई, तर?” केरबानं विचारलं.

निवांतबुवा ओसरीच्या पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होते. मान वर न करताच म्हणाले, “तर काय?”

“तर गादी माझी न्हवं?”

“गादीत ढेकूण झाल्यात,” बुवा म्हणाले. “घे की.”

केरबा हसला नाही. हसणं त्यानं सोडूनच दिलं होतं. मठात येऊन त्याला तीन उन्हाळे झाले, पण या काळात त्याचे दात कुणी पाहिले नव्हते आणि डोळ्यांत पाणीही पाहिलं नव्हतं. आसपासच्या वाड्यांवरची माणसं त्याच्याकडं बोट दाखवून पोरांना सांगत, बघा, याला म्हणतात वैराग्य. केरबाला ते ऐकू यायचं. ऐकू येत नसल्यासारखं तोंड कसं करायचं, तेही तो एव्हाना शिकला होता.

मठाचा थाटमाट असा काही नव्हता. वेदगंगेच्या काठाला एक बुटकी टेकडी, तिच्यावर कौलारू ओसरी, मूळपुरुषाची समाधी आणि अंगणात एक काटेसावर. शिकवण एकच... येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडं लक्ष ठेवा. जप नाही, पोथी नाही, उपासतापास नाहीत. बरेच जण दोन दिवसांत कंटाळून परत जायचे. श्वास तर घरीही फुकट मिळतो, त्यासाठी टेकडी कशाला चढायची, असं त्यांचं म्हणणं. ते काही अगदीच चूक नव्हतं.

आता बुवा थकले होते. गादीवर कुणाला तरी बसवायचं होतं, आणि त्याची एक जुनी रीत होती.

सावर फुटली, की तिचा चिमूटभर कापूस घ्यायचा आणि शिष्याच्या वरच्या ओठावर, नाकाच्या अगदी खाली ठेवायचा. मग गुरूनं त्याला भर माणसांत शिव्या घालायच्या. मग वाखाणायचं. मग हसवायचं, भिववायचं, रडवायचं. वर्षभराचे ऋतू एका बैठकीत त्याच्या अंगावरून जाऊ द्यायचे. लोक कापसावर डोळे लावून बसायचे. कापूस हलला की शिष्य गेला, हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मागल्या साली दत्तोबा बसला होता. शिव्यांना टिकला, स्तुतीलाही टिकला, आणि मग शिंकला. कापूस उडाला तो थेट पाटलांच्या पागोट्यावर. दत्तोबा लाजेनं उठला आणि गोठ्यात जाऊन बसला. तेव्हापासून मठाच्या म्हशी राखणं हेच त्याचं अध्यात्म होऊन बसलं.

केरबाचं तसं होणार नव्हतं. तो मूळचा पाणबुड्या. नदीत कुणाची घागर गेली, कुणाचं जोडवं निसटलं, की गाव त्याला हाक मारायचं. तो खाली गेला की काठावरची माणसं थोड्या वेळानं देवाचं नाव घ्यायला लागायची, आणि मग हा सावकाश वर यायचा. श्वास कोंडून धरणं त्याच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. मठात आला तो निम्मी विद्या घरूनच घेऊन आला, असं त्याला मनातून वाटायचं.

आणि कापसाला अडथळा नको, म्हणून त्यानं मिशी काढून टाकली होती.

ही गोष्ट साधी नाही. त्या मुलखातला गडी मिशीला वस्तरा लावतो तो बाप गेल्यावर. न्हाव्यानंसुद्धा वस्तरा हवेतच धरून विचारलं होतं, “कोण गेलं?”

“कुणी न्हाई,” केरबा म्हणाला होता. “घाल.”

तर अशी सगळी तयारी झाली होती. उद्याचाच दिवस होता.

“एक सांगायचं ऱ्हायलं,” बुवा शेंगेचा दोर ओढत म्हणाले. “तुझ्या घरला सांगावा धाडलाय. उद्या हौसा येतीया.”

हौसा म्हणजे केरबाची बायको.

केरबानंही सोलायला घेतलेली शेंग खाली ठेवली.

“तिचं हितं काय काम?”

“मग उदक कोण सोडणार? तू लग्नाचा गडी. तिनं आपल्या हातानं तुझ्या तळव्यावर पाणी सोडायचं. पाणी भुईला लागलं, की तू तिचा न्हाईस, घराचा न्हाईस. त्याबिगार गादी न्हाई. रीत हाय ती.”

“ती येणार न्हाई, बुवा.”

“येतीया, असा निरोप आलाय.”

केरबानं नाकानं एक लांब श्वास ओढला. छाती भरून आली. आणि मग... काहीच नाही.

आता मात्र बुवांनी मान वर केली.

“कोंडलास.”

“न्हाई.”

“कोंडलास. बरगड्या बघ की जरा तुझ्या.”

“तुमीच शिकवलंय,” केरबा म्हणाला. बोलताना श्वास सुटला, पण त्यानं तो लगेच पुन्हा भरून घेतला. “मी आलो त्या दिशी इचारलं हुतं, राग आला तर काय करू? तुमी म्हनलासा, श्वास घे.”

“व्हय. तू म्हनलास, मग? मी म्हनलं, सोड.”

“मी इचारलं, रडू आलं तर? तुमी म्हनलासा, श्वास घे.”

“मग, सोड.”

“त्येच करालोय की.”

“न्हाई लेका. तू पयलं ऐकून उठलास. दुसरं माझ्यापाशीच ऱ्हायलं.” बुवांनी एक दाणा तोंडात टाकला. “तीन वर्सं झाली, संभाळून ठेवलंय.”

केरबाला ते रुचलं नाही. म्हातारपणी माणूस कोड्यात बोलतो, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि सोललेल्या दाण्यांची पाटी उचलून तो आत गेला.

आता त्याच्या मनातलं सांगायलाच हवं.

त्याला एक लेक होती. छबी. सहाव्या वर्षात होती. बाप बुडी मारायला गेला की काठावर बसून स्वतःही नाक दाबून धरायची, आणि बापाच्या आधी दमून ओरडायची, “बाबा, ये की आता.” एका चैत्रात तिला ताप भरला. भर दुपारी वैद्य आले, तिच्या तोंडावर वाकले, आणि मग सरळ झाले. त्या वाकण्याच्या आणि सरळ होण्याच्या मधलं केरबाला काही आठवायचं नाही. गावातली माणसं रडली, शेजारची म्हातारी ऊर बडवून रडली, हौसाला तर चार बायकांनी धरलं होतं. केरबा खांबासारखा उभा होता. दिवस झाले, आणि चार कपडे घेऊन तो मठाकडं निघाला.

उद्या पाणी पडलं, की तो हौसाचा नवरा राहणार नव्हता. मग छबीचा बापही राहणार नव्हता. ज्याला लेकच नाही, त्याची लेक मरत नाही. गादीबिदी सगळं वरवरचं. केरबाला खरं हवं होतं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवर माणूस मावेना.

सावर भरात फुटली होती. जरा वारा आला की कापूस सुटायचा आणि बायकांच्या पदरावर, म्हाताऱ्यांच्या पागोट्यांवर जाऊन बसायचा. पाटील आपले यंदा जरा मागे बसले होते.

हौसा आली ती एकटीच. उन्हानं चेहरा लाल झालेला, पायांत फुफाटा. ओसरीपाशी तिनं केरबाला पाहिलं, आणि तिचा हात तोंडावर गेला.

“कोण गेलं वं?”

केरबाचा सासरा जाऊन दहा वर्षं झाली होती, बाप त्याच्याही आधी गेला होता. या घरात मरायला आता माणूसच उरलं नव्हतं. तरी तिनं विचारलं.

“कुणी न्हाई,” केरबा म्हणाला.

“मग मिशी?”

“कापसासाठी.”

हौसा त्याच्या उघड्या ओठाकडं बघत राहिली. लेक गेली तेव्हा या माणसाच्या मिशीचा केसही वाकडा झाला नव्हता, आणि आज... तिच्या नजरेतलं हे सगळं केरबाला वाचता आलं. आता ही रडणार, पाय धरणार, चला म्हणणार, असं त्याला वाटलं. त्यासाठी त्यानं श्वास आधीच भरून ठेवला होता.

“बरं,” हौसा म्हणाली. “तांब्या कुठं ठेवलाय?”

केरबाला धक्का बसला तो इथं. भांडण नाही, गाऱ्हाणं नाही. बाजारात गेलेल्या बाईनं दुकानदाराला विचारावं, तसं तिनं विचारलं होतं. त्यानं कसाबसा कोनाड्याकडं हात केला.

मग तो सावरीखाली घोंगडीवर जाऊन बसला. बुवांनी खाली पडलेलं एक बोंड उचललं, त्यातून चिमूटभर कापूस काढला आणि त्याच्या ओठावर ठेवला. पांढरी मिशी फुटल्यासारखं दिसत होतं, पण हसायची कुणाची छाती झाली नाही.

केरबानं युक्ती बरोबर बांधली होती. बुवा गप्प असले की श्वास इतका हळू ओढायचा, की मुंगीलाही कळू नये. त्यांनी तोंड उघडलं, की कोंडून टाकायचा.

“हेल्या,” बुवांनी सुरुवात केली. “फुकटखाऊ. बायकोला उनात टाकून हितं सावलीला येऊन बसलास. तुला गादी पायजे? तुला दावणीला बांधलं तर म्हस लाजंल.”

शिव्या अस्सल होत्या. मागं बसलेल्या एकाचे कान लाल झाले. कापूस हलला नाही.

मग बुवांनी हात जोडले. भर अंगणात, शिष्यापुढं. “माझ्या सत्तर वर्सांत असला साधक बघितला न्हाई,” ते म्हणाले. “माझीच मला लाज वाटती.” लोकांच्या अंगावर काटा आला. काहींनी तिथूनच केरबाला नमस्कार केला.

कापूस हलला नाही.

मग त्यांनी दत्तोबाच्या शिंकेची गोष्ट काढली. कापूस डोक्यावर पडला तेव्हा पाटलांनी आधी वर बघून कावळ्याला कशी शिवी दिली, ते साभिनय करून दाखवलं. सगळं अंगण हसलं. पाटीलही हसले. कापूस हलला नाही.

“हलू नगंस, केरबा,” बुवा एकदम हळू आवाजात म्हणाले. “तुझ्या मांडीशेजारी जनावर हाय.”

पुढची माणसं ‘साप, साप’ करत मागं सरली. एक बाई पडली. केरबाची पापणीही लवली नाही, आणि कापूस तर नाहीच.

अंगणात कुजबुज सुरू झाली. झालं, जिंकला. उरलं होतं फक्त रडवणं, आणि याला रडवायला कोण माईचा लाल येणार होता?

बुवांनी त्याच्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. खोटं कशाला सांगा, काळजीच होती.

“रडवायचं माझ्यानं व्हनार न्हाई,” ते शेवटी म्हणाले. “हौसा, ये लेकी. पाणी सोडायच्या आदी कापूस नीट बघून घे. गडी तुझा हाय.”

हौसा तांब्या घेऊन पुढं आली. केरबानं उजवा तळवा पुढं केला. त्यावर बुवांनी तुळशीचं पान ठेवलं.

ती वाकली.

केरबाचे डोळे अर्धे मिटलेले होते. तिच्या हातातल्या बांगड्या दिसत होत्या, तांब्याचा काठ दिसत होता. तो आता कोणत्याही क्षणी कलणार होता. त्यानं छाती भरून घेतली आणि सगळी दारं लावून टाकली. एवढं पाणी पडू दे. एवढंच.

तांब्या कललाच नाही.

“काय दिसतंय?” बुवांनी विचारलं.

“हलत न्हाई,” हौसा म्हणाली.

तिचा आवाज बदलला होता. केरबानं तो आवाज कुठंतरी ऐकला होता...

“परत एकदा बघा की, वैद्यबुवा,” हौसा म्हणाली. “वारं पडलं असंल. परत बघा की.”

कुणालाच काही समजेना. बुवांचे हात होते तिथंच थांबले.

केरबाला मात्र समजलं.

भर दुपार. वैद्य वाकले. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, छबीच्या उशाची उशी ओढली आणि तिचा टाका उसवला. ती उशी केरबानंच भरली होती, सावरीच्या कापसानं, लेकीला मऊ लागावी म्हणून. त्यातला चिमूटभर कापूस वैद्यांनी तिच्या नाकापाशी धरला. हौसा म्हणाली, परत एकदा बघा की. त्यांनी परत धरला. ती म्हणाली, वारं पडलं असंल. त्यांनी परत धरला...

आणि केरबा वैद्यांच्या खांद्यामागं उभा होता. त्यानं श्वास कोंडून धरला होता.

हेच ते मधलं. हेच त्याला तीन उन्हाळे आठवत नव्हतं.

घोंगडीवर बसलेल्या केरबाची छाती एकदा हादरली. मग त्याच्या तोंडातून जो श्वास बाहेर आला, तो त्या सकाळचा नव्हताच. तो तीन चैत्रांपूर्वीचा होता. त्याला आवाज होता, आणि तो आवाज माणसाचा वाटत नव्हता. पुढं बसलेली पोरं आयांना बिलगली. कापूस उडाला, गरगरत हौसाच्या ओल्या गालाला जाऊन चिकटला. तिच्या हातातला तांब्या सुटला आणि पाणी केरबाच्या तळव्यावर न पडता घोंगडीवर सांडलं.

“मी श्वास धरला हुता, हौसा,” केरबा म्हणाला. शब्द तुटत होते. “माझ्या श्वासानं हलू नये म्हनून. हलला तर तिच्याच श्वासानं हलावा... म्हनून धरला हुता.”

हौसा त्याच्यापुढं भुईवर बसली.

“आनि मला वाटलं,” ती म्हणाली, “मला वाटलं ह्यो माणूस दगड हाय. तीन वर्सं मी तुमास्नी दगड म्हनालीया.”

केरबाला बोलायचं होतं, पण श्वास बाहेरच चालला होता, आत येतच नव्हता. पाण्याच्या तळाशी इतकी वर्षं जाऊन आलेला माणूस, आणि कोरड्या भुईवर त्याचा जीव घुसमटत होता. चेहरा काळानिळा पडत चालला. दोघं-तिघं धावले.

बुवांनी त्यांना हातानं थांबवलं. ते गुडघ्यांवर रांगत केरबाजवळ गेले. कापसाची ही गोष्ट त्यांनाही ठाऊक नव्हती. त्यांचे ओठ थरथरत होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

“सोडलास न्हवं?” ते म्हणाले. “बास. आता म्होरला घे.”

केरबानं घेतला. तो आत येताना फाटक्या भात्यासारखा आवाज झाला.

“सोड.”

सोडला. त्याच्याबरोबर छबीचं नाव आलं.

“म्होरला.”

घेतला.

असं बराच वेळ चाललं. अंगणात कुणी उठलं नाही. बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. पुरुष सावरीकडं बघत राहिले, जणू काही बोंडं मोजायला आले होते.

शेवटी पाटलांनी घसा खाकरला. मनुष्य वाईट नव्हता, पण रीत म्हणजे रीत.

“कापूस हलला, बुवा.”

“व्हय. बघितला.”

“मंजे गेला म्हनायचं ह्यो.”

केरबानंही मान हलवली. “गेलो, बुवा. हलला. समदं गेलं.”

बुवा पाटलांकडं वळले. “पाटील, वैद्य मानसाच्या नाकापाशी कापूस कशापायी धरतुय?”

“आता ह्ये काय इचारनं झालं? जित्ता हाय का मेला, बघाय.”

“आनि हलला तर?”

“तर जित्ता...” पाटील बोलता बोलता थांबले.

सगळं अंगण चाट पडलं. बाप, आजा, पणजा, सगळ्यांनी हीच परीक्षा पाहिली होती. कापूस हलला की हळहळले होते, आणि न हललेल्यांच्या पाया पडून घरी गेले होते. काही म्हाताऱ्यांनी समाधीकडं पाहिलं, आणि मग पटकन नजर खाली वळवली.

“बुवा,” कुणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणालं, “ह्ये आदी का न्हाई सांगितलंसा?”

“कुनी इचारलंच न्हाई,” बुवा म्हणाले. “समदी कापसाकडं बघत बसायची.”

तेवढ्यात गर्दीच्या मागून हात वर आला. त्या हातात म्हशीची दोरी होती.

“बुवा...” दत्तोबा म्हणाला. “मंजे मागल्या साली मी शिंकलो, ते...”

“लई झ्याक शिंकलास, दत्तोबा.”

“पर मग तवाच का न्हाई थांबवलंसा?”

“तू थांबलास व्हय? तू गोठ्यात पळालास. मला गुडघंदुखी.”

दत्तोबानं दोरीकडं बघितलं, मग ओसरीवरच्या गादीकडं बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “मग आता गादी...?”

“घे की. ढेकणांसकट.”

दत्तोबाच्या हातातली दोरी गळाली. म्हैस मोकळी झाली, आणि कुणाच्या ध्यानात यायच्या आत ती संथपणे चालत ओसरीपाशी आली आणि आदल्या दिवशी सोललेल्या शेंगांच्या सालपटांत तिनं तोंड घातलं. दत्तोबा तिच्यामागं धावला तो पाटलांवर आपटला. पाटील बसल्या जागी कलंडले, आणि पागोटं सुटून उताराला लागलं.

हौसा हसली.

रडता रडताच हसली, नाक पुसत. तिचं बघून केरबाच्या पोटातून काहीतरी वर आलं. त्याला वाटलं, पुन्हा रडू. ते हसू होतं. तीन उन्हाळ्यांनी त्याचे दात लोकांना दिसले.

आणि तो भेदरला. लेकीचा कापूस आत्ताच तर डोळ्यांपुढं येऊन गेला होता, गाल अजून सुकले नव्हते. बाप माणूस हसतो कसा? त्यानं झटकन ओठ मिटले, श्वास आत ओढला, आणि...

“केरबा,” बुवा म्हणाले.

केरबानं श्वास सोडला.

“हसू आलं, बुवा,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरीच भीती होती. “ती डोळ्यांम्होरं असताना हसू आलं मला.”

“आलं. मग?”

“मग... गेलं.”

वाऱ्याची एक झुळूक आली, सावरीचा कापूस सुटला आणि अंगणभर पसरला. कुणी तो झटकला नाही.

थोड्या वेळानं हौसानं रिकामा तांब्या उचलला. त्यातलं पाणी तर कधीच जिरून गेलं होतं. तिनं तो पदरानं पुसला, नीट कोनाड्यात नेऊन ठेवला, आणि परत येऊन केरबासमोर उभी राहिली. चला म्हणाली नाही. नुसती उभी राहिली.

केरबा उठला. ओसरीपर्यंत गेला, आपले चार कपडे घेतले, आणि बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. तिथं पुन्हा त्याला भरून आलं. या वेळी त्यानं ते अडवलं नाही, पण घाबरला मात्र. हे आता कुठवर चालणार, याचा तळच त्याला दिसत नव्हता. आणि तळ न दिसणाऱ्या पाण्यात तो आयुष्यात कधी उतरला नव्हता.

“कवर रडायचं, बुवा?” त्यानं विचारलं.

निवांतबुवांनी त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला. त्याच्या उघड्या, ओल्या ओठाकडं बघितलं.

“मिशी उगवतीया तवर,” ते म्हणाले.